लेकीकडे हॅरोला तीन महिने, सोबत जलरंग: लंडनच्या साध्या रस्त्यांवर बसून चितारायची तयारी

मांडवीची_सून

सासूबाई एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नणंदेकडे लंडनला निघाल्या आहेत, जूनअखेरपर्यंत. वय ६६, बडोद्याच्या फाइन आर्ट्‌समधून शिकलेल्या. न्यायमंदिर, सूरसागर, मांडवी, पोळांतली (जुन्या गल्ल्यांतली) लाकडी घरं हे सगळं जागेवर बसून काढायचा हात आहे. म्हणजे चित्र कसं काढायचं हा प्रश्न नाही, शहर बदलल्यावर काय बदलतं हा आहे. नणंदेचं घर हॅरोच्या बाजूला आहे. दुपारी नातू झोपतो तो दीड तास आणि शनिवार-रविवार, एवढाच वेळ त्यांचा स्वतःचा.

रंग-कागद इथून न्यायचे की तिथे घ्यायचे? विमानात काय अडवतात? गारव्यात आणि ढगाळ हवेत जलरंगाचं काय होतं? रस्त्याकडेला बसलं तर कोणी हटकतं का? गुडघा दुखतो, तेव्हा बसायचं काय? आणि घरातले सगळे टॉवर ब्रिज काढून आणा म्हणून मागे लागलेत, त्यांना मात्र लेकीच्या घराजवळचे नेहमीचे रस्ते काढायचे आहेत. तशा रस्त्यांत नेमकं काय पाहावं, हे तिथे बसून काम केलेल्यांनी सांगावं.

शाईदौत

विमानाचं आधी सांगतो. टर्पेंटाइन, थिनर आणि फिक्सेटिव्हचा (पेन्सिलीचं चित्र पुसू नये म्हणून मारायचा) स्प्रे ज्वालाग्राही, त्यामुळे केबिनमध्ये नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. फिक्सेटिव्हऐवजी पेन्सिलीच्या पानांमध्ये बटर पेपर घालायचा. कटर आणि ब्लेड मोठ्या बॅगेत. रंगाच्या ट्यूबला सुरक्षा तपासणीत द्रवाचा नियम लागतो, म्हणजे १०० मिलीच्या आतली बाटली किंवा ट्यूब आणि सगळं मिळून एका पारदर्शक पिशवीत. सुकलेल्या पॅनना (रंगाची वडी बसवलेल्या छोट्या डब्यांना) हा नियम नाही. म्हणून ट्यूब मोठ्या बॅगेत आणि पॅनचा डबा हातातल्या पर्समध्ये, ही वाटणी सोपी.

फाउंटन पेन अर्धं भरून नेऊ नका. वर गेल्यावर केबिनमधला दाब कमी होतो, पेनमधली हवा फुगते आणि शाईला निबातून बाहेर ढकलते. पेन एकतर काठोकाठ भरलेलं हवं, कारण मग आत हवाच फारशी नसते, नाहीतर पूर्ण रिकामं. निब वर करून उभं ठेवायचं आणि वरून झिपची पिशवी.

शाई इथूनच न्या आणि नेण्याआधी तपासा. नेहमीची लिहायची शाई डायची असते, तिच्यावर ओला कुंचला फिरला की सगळी रेघ आभाळात उतरते. पिग्मेंटची शाई हवी, उदाहरणार्थ प्लॅटिनम कार्बन. लाख घातलेली इंडिया इंक बाटलीत कितीही छान दिसली तरी फाउंटन पेनात भरायची नाही, आत सुकली की पेन गेलं. ज्यांना ही उस्तवार नको त्यांनी पिग्मा मायक्रॉनचे ०१, ०३ आणि ०५ नंबर घ्यावेत. खरखरीत कागदावर ०१ची टीप लवकर झिजते, तेव्हा ते दोन न्या.

एक गोष्ट तिथे गेल्यावर चुकते. बडोद्यात शाई कागदावर पडताक्षणी सुकते, म्हणून रेघ मारली की लगेच रंग लावायची सवय लागते. गार हवेत चांगल्या साइझिंगच्या, म्हणजे पाणी पटकन न शोषणाऱ्या, कागदावर तीच शाई बराच वेळ ओली राहते. जिथे रेघ जाड आहे तिथे टिश्यूचा कोपरा टेकवून बघा, ठिपका उठला तर थांबा.

कुंचला

कागद आणि रंग दोन्ही इथूनच न्या, कारण नवीन शहरात हातचं साहित्य तरी ओळखीचं असावं. तिथे काही कमी पडलं तर मिळतंच.

पॅन भरायचं काम मात्र आजच सुरू करा, जायच्या आदल्या आठवड्यात नको. अर्ध्या पॅनमध्ये साधारण २ मिली रंग मावतो, म्हणजे ५ मिलीच्या ट्यूबमध्ये दोन अर्धे पॅन भरून थोडा उरतो. एका दमात भरला की मार्चच्या कोरड्या हवेत वरची साय आधी धरते, आतला रंग मागून आकसतो, मधोमध भेग पडते आणि वडी सुटून डब्यात खुळखुळते. तीन थरांत भरा. प्रत्येक थर टूथपिकने कोपऱ्यापर्यंत पोचवा, पॅन दोन-चार वेळा टेबलावर आपटा म्हणजे बुडबुडे वर येतील, मग मलमलचा तुकडा झाकून सावलीत पूर्ण दिवस. थर सुकला की पुढचा. काही रंग मुळातच ठिसूळ सुकतात, त्यांत पॅनमागे ग्लिसरीनचा एक थेंब. दोन घातले तर रंग कायम चिकट राहतो आणि झाकणाला लागतो. वडी सुटलीच तर पॅनच्या तळाशी पाण्याचा थेंब टाकून दाबून बसवा.

रंग आठ पुरेत: अल्ट्रामरीन, सेरुलियन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, क्रिमसन, इंडियन रेड, सॅप ग्रीन. काळा नको. पेन्स ग्रेही नको, कारण ढगाळ शहरात गेलेला माणूस तो पहिल्या दिवसापासून सगळीकडे वापरतो आणि दहा चित्रं एकाच रंगाची होतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा करा. निळा जास्त असला की ओल्या स्लेटचं छप्पर, सिएना जास्त असला की जुनी वीट, आणि दोन्ही एकाच ओल्या डागात आपापसांत भिडू दिले की भिंत जिवंत दिसते.

आता पाण्याचं. मला या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. बडोद्याच्या उन्हाळ्यात वॉश (रंगाचा पातळ, पाणीदार थर) दोन-तीन मिनिटांत सुकतो, म्हणून हात आपोआप कुंचला तुडुंब भरून घेतो. तोच भरलेला कुंचला एप्रिलच्या लंडनमध्ये कागदावर टेकवला की तळं साचतं. दहा-पंधरा मिनिटं ते तसंच राहतं. माणूस अधीर होऊन त्यात दुसरा हात देतो, आणि नव्या पाण्याने आधीचा रंग कडेला ढकलला जाऊन फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. त्यावर उपाय म्हणजे मांडीवर सुती साडीचा जुना तुकडा ठेवायचा आणि कुंचला पाण्यातून रंगात, रंगातून फडक्याला टेकवून मगच कागदावर. पाणी निम्मं, रंग तेवढाच.

सुकलंय की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. कागदावरची चमक गेली तरी आत ओल असते. बोटाची मागची बाजू हलकेच टेकवा, कागद गार लागला तर अजून ओला आहे. त्या अवस्थेत दुसरा थर दिला की खालचा निघून येतो. या वेळात हात रिकामा ठेवायचा नसेल तर पान आधीच तीन चौकटींत विभागा आणि फिरत्या क्रमाने काम करा.

घरी सराव करता येईल. बोर्डवर ओला पिळलेला टॉवेल पसरा, त्यावर कागद ठेवून रंगवा. खालची ओल कागदाला सुकू देत नाही. सात-आठ पानं अशी केली की हाताला अंदाज येतो.

पोळवासी

कुंचला, पॅनच्या माहितीबद्दल आभार. वडी का सुटते ते आज कळलं.

कागद किती ग्रॅमचा न्यावा? २०० की ३००?

कुंचला

३०० ग्रॅम, शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पृष्ठाचा). २००चा कागद ओला झाल्यावर फुगतो आणि गार हवेत ते फुगवटे तासभर बसत नाहीत, रंग खळग्यांत साचतो. वजनाची काळजी असेल तर पानं कमी न्या, पातळ नको.

हॅरोकर

घराभोवतीचे रस्ते काढायचे हा विचार अगदी योग्य. टॉवर ब्रिजपाशी गर्दीत उभं राहून घाईत काढलेलं चित्र आणि रोज ज्या फुटपाथवरून बाबागाडी ढकलत नेली तिथलं चित्र, यांत दुसऱ्यात माहिती कितीतरी जास्त येते, कारण तोच रस्ता वीस वेळा पाहिलेला असतो.

एक व्यावहारिक मुद्दा. नातू झोपला म्हणजे कोणीतरी घरात हवं. तेव्हा तो दीड तास बहुतेक खिडकीतूनच काढायचा आहे असं धरून चाला, आणि ती उत्तम जागा आहे. वरच्या मजल्यावर पुढच्या खोलीच्या खिडकीत उभं राहिलं तर डोळा रस्त्यापासून साधारण चार मीटरवर येतो. म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्या माणसांची डोकी आय लेव्हलच्या (डोळ्याच्या उंचीवरच्या आडव्या रेघेच्या) बरीच खाली, मोटारींचे टप वरून दिसणार आणि समोरच्या घरांची छपरं जवळजवळ डोळ्यांसमोर. माणसं नेहमीच्या सवयीने आय लेव्हलवर डोकी ठेवून काढली तर ती तरंगायला लागतात.

हॅरोच्या भागात दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली जोडघरं खूप आहेत. एक छप्पर, मधली भिंत सामाईक, डावं घर म्हणजे उजव्याचं आरशातलं रूप. बऱ्याच घरांना पुढे आलेली बे विंडो, तिच्यावर त्रिकोणी माथा आणि त्यावर काळ्या लाकडी पट्ट्या, भिंतीला बारीक खड्यांचं प्लास्टर, तांबूस कौलं. आता चूक कुठे होते ते सांगतो. डावं घर पूर्ण काढून मग उजव्याला हात घातला की उजवं नेहमी अरुंद पडतं आणि आढं तिरकं होतं. सुरुवात सामाईक भिंतीच्या उभ्या रेघेपासून करा. त्या रेघेवर आढं, पुष्कळदा धुराडंही तिथेच. मग दोन्हीकडचे बे एकाच वेळी, दोन्हीकडचे दरवाजे एकाच वेळी. एका बाजूने माळ्याची खोली वाढवलेली असेल, खिडक्या बदललेल्या असतील, तर तो फरक शेवटी घाला. समतोल आधी उभा राहिला तरच तो मोडलेला दिसतो.

बे विंडोला तीन अंगं असतात आणि बाजूची दोन अंगं घराच्या भिंतीला समांतर नसतात. म्हणजे त्यांचे व्हॅनिशिंग पॉइंट (समांतर रेघा लांबवर जिथे मिळताना दिसतात ते बिंदू) वेगळे. अंदाजाने काढण्यापेक्षा बेच्या पायथ्याचा आकार आधी जमिनीवर काढा, वरून पाहिल्यासारखा, आणि त्याच्या चार कोपऱ्यांतून उभ्या रेघा वर न्या. खालची काच, मधली पट्टी, वरची काच सगळं त्या चार रेघांवर आपोआप बसतं.

फुटपाथवर बसून काढायला परवानगी लागत नाही. फक्त वाट अडवायची नाही, बाबागाडी आणि व्हीलचेअर सहज जाईल एवढी जागा सोडायची. मोठी व्यापारी संकुलं आणि काही चौक खासगी मालकीचे असतात, तिथले रखवालदार येऊन विचारतात, तेव्हा वही दाखवून बोलायचं किंवा उठायचं. शाळेच्या फाटकासमोर सुटीच्या वेळी बसू नका. आणि व्हिजिटर व्हिसावर तिथे लोकांना चित्रं विकता येत नाहीत. शेजाऱ्याने आपल्या घराचं चित्र मागितलं तर भेट द्यावं, पैसे घेऊ नयेत.

शाईदौत

@हॅरोकर, जोडघरांची युक्ती पेनाने थेट काढणाऱ्यांनाही लागू आहे. मी यात भर घालेन: पेन्सिल नको, मधल्या भिंतीच्या रेघेवर पाच ठिपके द्यायचे, जमीन, खिडकीची खालची कड, पहिला मजला, पागोळी, आढं. ठिपके जुळले की पेन थेट चालवा.

कुंचला

पेन आधी याला माझा विरोध नोंदवतो, निदान मे-जूनसाठी. झाडं भरली की रस्त्याचा अर्धा भाग पानांखाली जातो. आधी रेघेने घर काढून मग झाड घातलं तर रेघा पानांतून डोकावतात. झाडाचा आणि आभाळाचा ओला आकार आधी, तो सुकेस्तोवर घराचं मोजमाप, आणि शाई सगळ्यात शेवटी, तीही जिथे गरज आहे तिथेच. एप्रिलच्या मध्यापर्यंत झाडं उघडी असतात, घरांचे दर्शनी भाग पूर्ण दिसतात, त्या दोन आठवड्यांत शाईची कामं उरकून घ्यावीत.

शाईदौत

एप्रिलमध्ये शाई, जूनमध्ये रंग आधी. हे मान्य.

रेघोट्या

उजेडाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बडोदा २२.३ अंश उत्तर, लंडन ५१.५. एप्रिलच्या मध्याला बडोद्यात माध्यान्हीचा सूर्य ७७ अंशांवर असतो, लंडनमध्ये ४८वर. म्हणजे १ मीटर काठीची सावली बडोद्यात २३ सेंटिमीटर आणि तिथे ९०. जूनअखेर तिथला सूर्य ६२ अंशांपर्यंत चढतो, तेव्हाही सावली अर्ध्या मीटरची असते. आपल्याकडे त्या दिवसांत पायाखाली गोळा होते. छज्ज्याखालची काळी जाड पट्टी ही बडोद्याच्या घराची ओळख, ती तिथे शोधू नका. तिथे सावली समोरच्या घराची पडते, रस्ता ओलांडून भिंतीवर चढते आणि धुराड्यांचे आकार अंगावर घेऊन येते.

शिवाय उन्हाळ्यात तिथलं घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं. सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमारास. एप्रिलच्या मध्याला सूर्यास्त रात्री आठच्या आसपास आणि जूनअखेर नऊ वीसला. जेवणं उरकून साडेसातला बाहेर पडलं तरी जूनमध्ये तास-दीड तास तिरपा उजेड मिळतो, आणि तो वेळ घरातल्या कोणाचाच नसतो.

ढगाळ दिवसाचा हिशेब उलटा. बडोद्यात चुन्याची भिंत उन्हात असते तेव्हा ती आभाळापेक्षा उजळ दिसते, म्हणून आपण आभाळात निळा भरून भिंत कोरी सोडतो. ढगाळ लंडनमध्ये आभाळ हीच सगळ्यात उजळ गोष्ट, पांढरी रंगवलेली भिंतसुद्धा त्याच्यापेक्षा गडद. भिंत कोरी सोडली तर चित्र खोटं वाटतं आणि का ते कळत नाही. आभाळ कागदाचं पांढरं ठेवा किंवा अगदी पाणचट करडा, आणि पांढऱ्या भिंतीला त्याहून एक पायरी गडद वॉश द्या. डोळे किलकिले करून दोघांची तुलना करा, लगेच दिसतं.

पावसानंतरच्या डांबरावर दिव्यांची आणि बसची प्रतिबिंबं सरळ उभी खाली येतात, रस्त्याच्या पर्स्पेक्टिव्हच्या रेघांबरोबर जात नाहीत. पांढरे पट्टे मात्र व्हॅनिशिंग पॉइंटकडे जातात. दोन्ही एकाच रस्त्यावर असतात, म्हणून गोंधळ होतो.

मांडवीची_सून

केवढी मोलाची माहिती! खिडकीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. सासूबाईंना वाचून दाखवतेय, त्यांचे दोन प्रश्न. नणंदेचं घर टेकडीच्या चढावर आहे, चढाचा रस्ता कसा साधायचा? आणि बसायचं स्टूल कसं घ्यावं?

रेघोट्या

चढाचा प्रश्न बडोदेकरांना पडणारच, आपलं शहर सपाट. चढावर दोन वेगवेगळे व्हॅनिशिंग पॉइंट एकाच उभ्या रेघेवर असतात. घरं चढावर असली तरी त्यांच्या विटांचे थर, खिडक्यांच्या कडा, पागोळ्या पाणसळीतच असतात, म्हणून त्या सगळ्या रेघा आय लेव्हलवरच्या बिंदूकडे जातात. रस्ता, फुटपाथची कड, कुंपणाच्या भिंतीचा पायथा मात्र वर चढतात, त्यांचा बिंदू आय लेव्हलच्या वर, त्याच उभ्या रेघेवर. उतारावरून खाली बघताना तो आय लेव्हलच्या खाली.

चूक अशी होते: रस्त्याच्या रेघांबरोबर खिडक्याही वर नेल्या जातात आणि सगळी आळी मागे कलंडते. किंवा रस्ता सपाट काढला जातो आणि दारांच्या पायऱ्या कुठे टेकतात ते कळेनासं होतं. तपासायला एक जागा धरा, घराचा पायथा आणि फुटपाथ यांच्यामधली पाचर. चढाच्या बाजूला ती निमुळती होते, उताराच्या बाजूला रुंद. विटांचे दोन-तीन थर त्या पाचरीत संपत जाताना दाखवले की चढ आपोआप दिसतो, दुसरं काही करावं लागत नाही. आणि छपरं एकसंध तिरकी काढू नका. प्रत्येक जोडघराचं आढं आडवंच, पुढच्या जोडीचं एक पायरी वर.

सरावाला पावागढचा पायथा आहे, चांपानेरच्या बाजूने चढणारा रस्ता आणि त्याकडेची दुकानं. दोन सकाळी पुरेत.

पोळवासी

स्टुलाबद्दल. तीन पायांचं घ्या, चार पायांचं नको. तीन पाय उंचसखल जमिनीवरही टेकतात, चार पायांतला एक चढावर हवेत राहतो. गुडघ्यासाठी उंची बघा, बाजारातली हलकी स्टुलं ३० सेंटिमीटरच्या आसपास असतात, त्यावरून उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. ४५ सेंटिमीटर हवं, घरच्या खुर्चीएवढं. बूड टेकताच मांडी जमिनीला समांतर राहिली पाहिजे.

बसल्यावर डोळा साधारण १.१ मीटरवर येतो आणि उभ्या मोटारीची उंची दीड मीटरच्या जवळपास. म्हणजे बसून काढताना मोटारींचा टप दिसत नाही आणि कडेला लावलेल्या गाड्या घराचा खालचा तिसरा हिस्सा खातात. अशा रस्त्यावर उभ्याने काढा, बोर्ड गळ्यात पट्ट्याने अडकवा. नाहीतर गाड्यांची सलग पट्टी हाच चित्राचा पाया समजा: आधी चाकांचे गडद डाग ठराविक अंतरावर, मग काचांची एकच वाकडीतिकडी रेघ, बाकी कागद तसाच.

आता एक योजना सुचवतो, कारण मुक्काम लांबचा आहे. लेकीची सगळी आळी एका घडीच्या पट्टीवर काढावी. ३०० ग्रॅमचा पूर्ण ताव ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा येतो. ५६च्या बाजूने १४-१४च्या चार पट्ट्या कापा. प्रत्येक ७६ लांब, तिच्या १९च्या चार घड्या. घडी घालण्याआधी संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून खाच पाडा, नाहीतर एवढा जाड कागद घडीवर फुटतो. पट्टीला पट्टी जोडताना १ सेंटिमीटरवर दुसरी चढवा आणि पातळ लावलेल्या फेव्हिकॉलने चिकटवा.

माप: १ मीटरला १ सेंटिमीटर. जोडघर बाजूच्या बोळासकट साधारण १४ मीटर धरलं तर १४ सेंटिमीटर, म्हणजे एका पट्टीत पाच जोड्या बसतात. आढ्यापर्यंतची उंची आठ-नऊ मीटर, म्हणजे वर तीनेक सेंटिमीटर आभाळ, खाली दोन रस्ता. अंतर पावलांनी मोजायचं. बडोद्यातच दारासमोर १० मीटर मोजून किती पावलं होतात ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

एकाच जागी बसून हे जमत नाही, लांबची घरं लहान होत जातात. प्रत्येक जोडीच्या बरोब्बर समोर जाऊन ती एकच काढायची आणि पुढे सरकायचं. दोन जोड्यांमधला बोळ दोन्हीकडून वेगळा दिसतो, तिथे खोली दाखवायच्या फंदात न पडता एक गडद वॉश. घडीची खाच शक्यतो त्या बोळात येऊ द्या, कारण खाचेत पाणी साचून रंग गडद होतो आणि तिथे भिंत आली तर मधोमध काळी रेघ पडते. दारांचे क्रमांक पेन्सिलीने खाली लिहा. बहुतेक रस्त्यांवर एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम असतात, तेव्हा १२नंतर थेट १४ आला की घर राहिलं असं समजू नका.

हॅरोकर

पट्टीची कल्पना फार आवडली. त्यात लाल टपालपेट्या घाला, आणि काढताना त्यांच्यावरची अक्षरं वाचा. राजा-राणीची आद्याक्षरं असतात, व्ही आर म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळातली, जी आर म्हणजे जॉर्ज, ई आर आणि मध्ये रोमन दोन म्हणजे दुसरी एलिझाबेथ. रस्ता कधी वसला याचा अंदाज त्यावरून येतो.

शनिवारी पाय मोकळे करायला वेम्बलीचा ईलिंग रोड बघा, साड्यांची आणि भाजीची दुकानं, पाट्या गुजरातीतही. पुढे नीसडनचं स्वामिनारायण मंदिर, १९९५ सालचं. बल्गेरियाचा चुनखडी दगड आणि इटलीचा संगमरवर भारतात कोरून तिकडे नेऊन जोडलेला. कोरीवकाम मोजत बसू नका. शिखरांची आभाळावरची कड आधी, मग फक्त सावलीच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी नक्षी.

दांडियाबाजार

बडोदेकर चित्रकाराने लंडनमध्ये एक इमारत चुकवू नये. लक्ष्मी विलास पॅलेस चार्ल्स मँट यांनी आखला, त्यांच्या मागे रॉबर्ट चिशोम यांनी १८९०मध्ये पुरा केला. बडोदा कॉलेजचा, म्हणजे आजच्या आर्ट्‌स फॅकल्टीचा घुमटही चिशोम यांचाच. त्याच चिशोम यांनी लंडनमध्ये स्लोन स्क्वेअर स्टेशनजवळ १९०७चं एक चर्च बांधलं, ते आज कॅडोगन हॉल नावाचं संगीत सभागृह आहे. फिकट दगड, गोल कमानी, कोपऱ्यात उंच मनोरा. जायच्या आधी आर्ट्‌स फॅकल्टीच्या कमानींचं एक पान करावं, समोरचं पान कोरं सोडावं आणि ते तिथे भरावं. एकाच हाताने आखलेल्या कमानी दोन उजेडांत शेजारी शेजारी येतील.

मध्य लंडनमध्ये पांढरा पोर्टलंड दगड खूप दिसेल. त्याचं एक वैशिष्ट्य: पाऊस जिथे आपटतो तो भाग धुऊन पांढरा होतो आणि कंगोऱ्यांखाली, कोनाड्यांत, जिथे पाणी पोचत नाही तिथे काजळी राहते. ढगाळ दिवशी सावली नसताना हे काळे भागच आकार उभा करतात. जुन्या पिवळसर विटांना यलो ऑकरमध्ये किंचित बर्न्ट सिएना, आणि ओला असतानाच निळ्याचा स्पर्श.

पावसाचे दिवस संग्रहालयांत. ब्रिटिश म्युझियम आणि व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) दोन्हीकडे कायमच्या दालनांना तिकीट नाही, पेन्सिलीने काढू देतात. रंग आणि शाई पिशवीतच ठेवा. गुलाममोहम्मद शेख यांचं १९८१ ते ८४ या काळातलं ‘सिटी फॉर सेल’ हे बडोद्यावरचं मोठं चित्र व्ही अँड एच्या संग्रहात आहे, भूपेन खख्खर यांचं १९८१चं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ टेट या कलासंग्रहालयाच्या. दोन्ही कायम भिंतीवर नसतात, निघण्याआधी संकेतस्थळावर बघून जा. गल्ल्या, घरं, गच्च्या एका चित्रात कशा रचल्यात हे आळीची पट्टी करणाऱ्याने जरूर पाहावं.

मांडवीची_सून

सासूबाईंनी आज पॅनचा पहिला थर भरला. ताव उद्या रावपुऱ्यातून आणतेय. पट्ट्या येताना कशा आणायच्या, गुंडाळून की घडीने?

पोळवासी

घडीनेच, गुंडाळू नका. ३०० ग्रॅमच्या कागदावर रंगाचे थर असले की गुंडाळताना बारीक भेगा पडतात. शेवटचं चित्र झाल्यावर किमान दोन दिवस घरात उघडी पसरून ठेवा, बोटाच्या मागच्या बाजूने गारवा तपासा, मग प्रत्येक घडीत बटर पेपर. १४ बाय १९पेक्षा सेंटिमीटरभर मोठे दोन पुठ्ठे वर-खाली, रबर नको, ते कडांना खाच पाडतं, सुती नाडी बांधा. आणि ही पुडी मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पर्समध्ये ठेवा.